आधी बांध, मग जोण

मे महिन्याचा उत्तरार्ध लागला की गोमंतकातील जुन्या घरांतून एक ठराविक लगबग सुरू होते. छपरावर माणूस चढतो, फुटके नळे काढून नवे बसवतो, सरकलेले सारखे करतो. पावसाच्या माऱ्याकडील मातीच्या भिंतीला चुडतांची झड बांधली जाते. लाकूडफाटा आत घेतला जातो आणि कोठीच्या खोलीत उकडे तांदूळ, सोला, मिरच्या, कडधान्ये, सुकी मासळी यांचे पुरुमेंत भरले जाते. या कामासाठी कोणी परिपत्रक काढीत नाही किंवा बैठक बोलावीत नाही. घर ज्याचे आहे त्याला ठाऊक असते की मृग कोणासाठी थांबत नाही.

नेमक्या याच दिवसांत शासनाचीही लगबग चालते. तिला ‘मान्सूनपूर्व तयारी’ असे भारदस्त नाव आहे. मंत्रिमहोदय अधिकाऱ्यांसह पाहणी करतात, गटारांतील गाळ उपसला जातो, तो काठावर रचून ठेवला जातो आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर तो सुखरूप गटारात परत जातो. हे दृश्य आमच्या वाचकांनी इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे हसूही येईनासे झाले आहे. तथापि प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही. समुद्र आणि आकाश या दोहोंचीही वागणूक बदलत चालली आहे, आणि आपण मात्र जुन्याच भरवशावर पूल, रस्ते, बांध, विजेचे खांब उभारीत आहोत. उभारल्यावर विसरूनही जात आहोत.

आपत्तीला तोंड देऊ शकतील अशा पायाभूत सुविधा हा आज जगभर चर्चेचा विषय आहे. भारतानेच पुढाकार घेऊन २०१९ च्या सप्टेंबरात या कार्यासाठी एक आंतरराष्ट्रीय सहयोग स्थापन केला. त्याचे कार्यालय दिल्लीत आहे. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु दिल्लीत जे जगाला सांगितले जाते ते पणजीत, म्हापशात, काणकोणात आचरले जाते काय, हे विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे, आणि तो आम्ही आज बजावीत आहोत.

प्रथम मांडवीवरच्या पुलाकडे वळू. गोवा मुक्त झाल्यावर पणजी आणि पर्वरी जोडणारा पूल हे एका स्वतंत्र प्रदेशाचे स्वप्न होते. १९७० च्या सुमारास ते पुरे झाले. नेहरूंचे नाव त्याला देण्यात आले. आणि ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो पूल कोसळला. उणेपुरे सोळा वर्षांचे आयुष्य! ज्यांनी तो पावसाळा पाहिला त्यांना फेरीबोटींच्या धक्क्यांवरील रांगा, भिजलेले प्रवासी, कामावर वेळेत न पोचणारी माणसे आणि बेतीच्या बाजूला ताटकळणारे आजारी यांचे स्मरण असेल. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या. वरून पूल धडधाकट दिसत होता. आतून तो पोखरला गेला होता. समुद्रकाठी लोखंड गंजते हे सांगण्यास तज्ज्ञांची गरज नसते. आमच्या रापणकाराला ते ठाऊक असते, विहिरीच्या रहाटाला तेल घालणाऱ्या आजीला ते ठाऊक असते. तरीही सोळा वर्षे त्या तारांची खबर कोणी नीट घेतली नाही.

आता त्याच पणजीतून रायबंदरकडे जाणारा सेतुमार्ग पाहा. लिन्यारिश नावाच्या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, १६३४ साली तो पुरा झाला. सुमारे तीन किलोमीटरचा हा मार्ग दलदलीतून आणि मिठागरांतून गेला आहे. आज त्याचे वय चारशे वर्षांच्या घरात आहे आणि अद्याप त्याच्यावरून वाहने जातात. पोर्तुगीज अमदानीचे गोडवे गाण्याचा आरोप आमच्यावर कोणी करणार नाही अशी आमची खात्री आहे. शिवाय त्या दलदलीत उतरून चिरे वाहिले ते येथल्याच माणसांनी, व्हाइसरॉयने नव्हे. पण सत्य सांगायचे तर त्या बांधणीत एक शहाणपण आहे. पाण्याला अडवायचे नाही, वाट करून द्यायची, हा तो विचार. कमानींखालून भरती आत जाते, ओहोटी बाहेर येते. रस्ता वर आपल्या जागी राहतो. आज आपण भराव घालतो, त्यात दोन अरुंद नळ टाकतो आणि पाणी तुंबले म्हणजे पावसाला दोष देतो. पारोड्याचा रस्ता पाण्याखाली गेला ही बातमी तर दर पावसाळ्यात केवळ तारीख बदलून छापावी, अशी अवस्था आहे.

परंतु या भूमीचे खरे स्थापत्य पुलांत नाही, ते खाजनांत आहे. आमच्या नव्या पिढीला खाजन म्हणजे रस्त्याच्या कडेला दिसणारी पाणथळ, भराव टाकून इमारत उभी करण्यास सोयीची जागा, एवढेच ठाऊक असावे. वस्तुतः गोव्यातील सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन ही माणसाने नदी आणि समुद्र यांच्याकडून हिशेबाने मागून घेतलेली जमीन आहे. भरतीच्या पातळीहून सखल असलेल्या या जमिनीभोवती चिकण माती, गवत आणि चिरे यांचे बांध घातलेले आहेत. बांधात ठिकठिकाणी मानस आहे. मानशीचे लाकडी दार असे बसवलेले असते की भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच रेट्याने ते मिटते, आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. तेथे यंत्र नाही, वीज नाही, रात्री-अपरात्री कळ दाबणारा कामगार नाही. समुद्राची शक्ती समुद्राविरुद्धच वापरण्याची ही किमया आमच्या अनाम पूर्वजांची आहे. आत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते, पोंयीत मासळी वाढते, आणि पावसाचे अतोनात पाणी काही काळ सामावून घेऊन खाजन गावालाही वाचवते.

हे बांध मातीचे होते आणि माती दर पावसाळ्यात खचते. मग ते शतकानुशतके टिकले कसे? गावकरीच्या व्यवस्थेत याचे उत्तर सापडते. अफोन्स मेशिय याने १५२६ साली गोव्यातील ग्रामसंस्थांचे रीतिरिवाज लिहून काढले, ते काही त्याने निर्माण केलेले नव्हते. ते आधीपासून चालत आले होते. गावाचे उत्पन्न आले की प्रथम सामाईक गरजांचा खर्च निघे आणि त्यात बांधांचा खर्च आलाच. मानशीच्या मासळीचा लिलाव होई, त्याचा पैसा गावाच्या खाती जमा होई. सर्व खर्च भागून जे उरेल ते गावकारांना जोण म्हणून वाटले जाई. आधी बांध, मग जोण! हा क्रम उलटा केला तर पुढच्या वर्षी वाटायला काही उरणार नाही, हे शेवटच्या गावकारालाही कळत होते. बांधाला खांड पडली तर अपरात्री हाळी दिली जाई आणि घराघरांतून माणसे निघत. खारे पाणी एकदा शेतात शिरले की पुढची काही वर्षे ते शेत हातचे जाते, एवढी ती निकड होती.

आम्ही गावकरीची आरती ओवाळीत नाही. या व्यवस्थेत ज्याच्या पायाला चिखल लागे त्या कुळाला जोण नव्हती, आणि बाईमाणसाला बैठकीत स्थान नव्हते. १९६४ चा कूळ कायदा आला तो न्यायाचाच होता, आणि पुढे कसेल त्याची जमीन हे तत्त्व आले तेही न्यायाचेच. दुर्दैव असे की जमिनीचा हक्क देताना बांधाचे कर्तव्य नेमके कोणाच्या हाती राहिले याची चिंता पुरेशी वाहिली गेली नाही. हक्क वाटला गेला, कर्तव्य वाटेतच सांडले. कायद्याने कुळांच्या संघटना स्थापन झाल्या. काहींनी चोख काम केले, पुष्कळशा कागदावर राहिल्या. मानशीचा लिलाव होतच राहिला, किंबहुना सुंगटांना भाव आल्यावर तो अधिकच चढला. भातापेक्षा मासळीत पैसा अधिक म्हणून मानशीचे दार वेळी-अवेळी उघडे ठेवून खारे पाणी आत घेण्याचे प्रकार घडू लागले. कित्येक ठिकाणी बांध फुटले, ते फुटले की फोडले हा वादाचा विषय झाला. मग अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा! तोवर दोन पावसाळे उलटतात आणि शेताच्या जागी खारफुटी माजते. हे फार जुने नव्हे. आज तिसवाडी, बार्देश, सासष्टी या तालुक्यांत कोणत्याही नदीकाठच्या गावी जाऊन पाहावे.

बांध फुटला म्हणजे एका शेतकऱ्याचे नुकसान झाले, अशी आमच्या शहरी वाचकांची समजूत असेल तर ती त्यांनी सोडून द्यावी. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पणजीच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचते. कारण त्या पाण्याला बाहेर जायला जागा नसते आणि आत थांबायलाही जागा राहिलेली नाही. जी सखल शेते ते पाणी काही तास पोटात घेत, त्यांवर आपण भराव टाकले. किनारपट्टी नियमनाच्या २०११ सालच्या अधिसूचनेत गोव्याची खाजने राखावीत, तेथे बांधकामास परवानगी देऊ नये असे स्पष्ट म्हटले गेले. कागदावर एवढे स्पष्ट असताना डोळ्यांदेखत डोंगर कापून ती माती खाजनात पडते, हा चमत्कार आम्हांला तरी उलगडलेला नाही. डोंगर कापला की दरड, खाजन भरले की पूर. एकाच मालमोटारीने दोन आपत्तींची सोय होते.

यात समुद्राचा पालटलेला स्वभाव मिळवा. बंगालच्या उपसागराच्या मानाने आपला अरबी समुद्र शांत, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. परंतु २०१७ साली ओखी आले, २०१९ साली क्यार, २०२० च्या जूनमध्ये निसर्गाने रायगड-रत्नागिरीतील बागा झोपवल्या आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले. हा समुद्र तापत चालला आहे आणि त्यातील वादळे अधिक बळावत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. तौक्तेच्या बाबतीत एक गोष्ट विसरता कामा नये. ते वादळ गोव्यावर आदळलेच नाही. आपल्या किनाऱ्याला समांतर पुढे जाऊन ते सौराष्ट्रात जमिनीवर चढले. नुसत्या त्याच्या झुळकीने, ‘झुळूक’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत, हजारो झाडे पडली, विजेचे खांब मोडले, आणि कित्येक गावे काही दिवस काळोखात राहिली. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. उद्या असे वादळ मुरगाव आणि आग्वाद यांच्यामधून आत शिरले तर काय होईल, याचे उत्तर वीज खात्याजवळ आहे काय?

दोनच महिन्यांनी, २३ जुलै २०२१ रोजी, म्हादई आणि तिच्या उपनद्यांना पूर येऊन सत्तरीत, डिचोलीत शेकडो घरांची पडझड झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्र्यांनीच सांगितले. त्याच वेळी महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, महाड आणि चिपळूण बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. पूल किंवा गटार किती पाण्याला पुरावे याचा हिशेब अभियंता मागील पावसाच्या नोंदींवरून मांडतो; पन्नास वर्षांत, शंभर वर्षांत एकदा येणारा पूर किती, असे तो गणित असते. जेव्हा शंभर वर्षांचा पूर दहा-वीस वर्षांत भेटीस येऊ लागतो तेव्हा ते गणित चुकीचे नसून शिळे झालेले असते. शिळ्या आकड्यांवर नवे पूल उभारणे ही उधळपट्टी आहे, मग निविदा कितीही स्वस्त का असेना.

महाडचा उल्लेख आला म्हणून सावित्रीच्या पुलाचीही आठवण देणे भाग आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील तो ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने गेली. चाळीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती व धोका आढळला नव्हता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. म्हणजे तपासणी झाली नव्हती असे नाही. तपासणी कशी होते हा खरा प्रश्न आहे. वरून चालत जाऊन, कठड्याला हात लावून पुलाची प्रकृती कळत नसते. पाण्याखाली खांबाचा पाया किती खरवडला गेला आहे, हे पाहण्यास पाण्यात उतरावे लागते. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधून २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. कौतुक करावे तेवढे थोडे! पण बैल गेला आणि झोपा केला, या म्हणीत झोपा किती लवकर केला याची नोंद नसते.

मालवणची घटना तर आणखी जिव्हारी लागणारी. राजकोट येथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी समारंभपूर्वक अनावृत झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरते भरले नसताना, कोसळला. ताशी ४५ किलोमीटरचा वारा होता, असे तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले. कोकणात श्रावणात असा वारा वाहतो, हे मालवणच्या शाळकरी पोरालाही माहीत असते. चौकशीत पुढे गंज, सदोष जोडकाम, देखभालीचा अभाव ही कारणे निघाली. समोर पाण्यात, १६६४ साली पाया घातलेला महाराजांचा सिंधुदुर्ग लाटा झेलीत उभा होता. याहून अधिक काही लिहिण्याचे आमच्या लेखणीला धैर्य होत नाही.

सर्वत्र अंधारच आहे असे मात्र नाही. १९९९ च्या ऑक्टोबरात ओरिसात महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे घेतली. २०१३ साली तेथेच फायलिन आले तेव्हा लाखोंना आधीच हलवल्यामुळे मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. ही मोठीच कमाई होय. पण २०१९ च्या फणी वादळात त्याच राज्यात माणसे वाचली आणि वीजवाहिन्या मात्र भुईसपाट झाल्या. जीव वाचवण्याची विद्या आपण शिकलो. संसार वाचवण्याची शिकायची आहे.

आपल्या घराशेजारचे उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा जयघोष झाला. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर येऊन गाडी घसरली व पन्नासच्या आसपास बळी गेले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीपाशी पुन्हा तसेच घडले. त्यानंतर डोंगरांना जाळ्या बसल्या, उतार सौम्य केले गेले, उंच पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आली. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करणारे वेगळे वेळापत्रक आज आपल्या अंगवळणी पडले आहे. रात्रभर कंदील घेऊन रुळांवरून चालणारे शेकडो गस्तीदार त्या वेळापत्रकामागे आहेत. मडगावहून मुंबईस जायला तास-दोन तास अधिक लागतात म्हणून आपण कुरकुरतो. त्या दोन तासांची किंमत काय आहे ते वैभववाडीला विचारावे. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी आले तेव्हा गाड्या थांबवल्या गेल्या. गैरसोय झाली, घात झाला नाही.

मग अन्यत्र हे का होत नाही? पैसा नाही, असे उत्तर तयार असते. आम्हांला ते पटत नाही. पैसा आहे, पण तो नव्यासाठी आहे. सरकारी जमाखर्चात नवा पूल हा भांडवली खर्च. त्यास केंद्राचे साहाय्य मिळते, कर्ज मिळते, उद्घाटनाची शिला मिळते. जुन्या पुलाचे रंगकाम, मानशीची नवी फळी, बांधावर टाकायची चार होड्या माती हा महसुली खर्च. तो पगार आणि निवृत्तिवेतन भागून उरलेल्यातून करायचा. काटकसरीची वेळ आली की प्रथम कात्री येथेच लागते, कारण डागडुजी कापली म्हणून कोणी मोर्चा काढीत नाही. दहा वर्षे पूल राखणाऱ्या अभियंत्याचा सत्कार झालेला आम्ही पाहिलेला नाही. नवा पूल बांधणाऱ्याचा मात्र होतो, आणि तो पडेपर्यंत साहेब निवृत्त झालेले असतात. गावकारांनी जो क्रम लावला होता तो आपण नेमका उलटा केला आहे. आधी जोण वाटतो, मग बांधाचे पाहू म्हणतो.

शासनाने येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक नव्या बांधकामाच्या खर्चाबरोबरच त्याच्या तीस वर्षांच्या देखभालीची रक्कम दाखवावी, व ती अन्य कामाकडे वळवता येणार नाही अशी तरतूद करावी. ज्या बांधकामासाठी हा आकडा देता येत नाही ते हाती घेऊच नये. राज्यातील प्रत्येक पुलाची अखेरची तपासणी केव्हा झाली, कोणी केली, काय आढळले, याची यादी जनतेपुढे ठेवावी. ती गुप्त राखण्यासारखे त्यात काय आहे? किनाऱ्यालगतच्या विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याचे काम चालले आहे, ते इस्पितळे आणि पाणीपुरवठ्याचे पंप यांना प्रथम क्रमांक देऊन पुरे करावे. आणि मानशीच्या लिलावाचा पैसा त्याच बांधाच्या खाती जमा झाला की नाही, याचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवला जावा. आमचे शेतकरी बंधूही यातून सुटत नाहीत. मानस ठेकेदाराच्या हाती सोपवून वर्षाचे चार पैसे घेणे आणि बांध फुटला की मामलेदाराकडे धाव घेणे, हे दोन्ही एकाच तोंडाने करता येणार नाही.

मृग लागायला आता थोडेच दिवस उरले आहेत. घरांवरचे नळे बहुधा परतून झाले असतील. नदीकाठच्या प्रत्येक गावात एक मानस आहे, आणि तिच्या दाराची फळी कुजली आहे की धड आहे हे भरतीपूर्वी जाऊन पाहण्यास अर्धा तास पुरतो. ती कोणी पाहिली, त्याचे नाव आणि तारीख पंचायतीच्या फलकावर या आठवड्यात लावावी, एवढी आमची प्रत्येक सरपंचाला विनंती आहे.